जाड खाली, पातळ वर

माझ्या धाकट्या बहिणीने एकेचाळिसाव्या वर्षी शाळेत नाव घातलं, आणि तेही इंग्रजीच्या सगळ्यात अवघड वर्गात. ह्याचं खापर मी पडद्यांवर फोडते. शाळेने आम्हाला पडद्यांचं काम दिलं नसतं, तर ती माप घ्यायला दुसऱ्या मजल्यावर गेलीच नसती. गेली नसती तर माझ्या दुकानाची पुढची तारांबळ झाली नसती, आणि आज मी हे सांगत बसले नसते.

आमचं शिवणाचं दुकान. मालकीण मी. कापायला म्हातारे मास्टर, शिवायला आम्ही दोघी बहिणी. धाकटीच्या हातचं काज बघण्यासारखं असतं. उलटं करा, सुलटं करा, टाका कुठे सुरू झाला ते सापडणार नाही. सोळाव्या वर्षी, अकरावीचे दोन महिने करून ती दुकानात आली ती आलीच. वडील गेले होते, मशीन रिकामं पडलं होतं. पंचवीस वर्षांत तिने कधी कुरकुर केली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. कुरकुर करण्याचं खातं माझ्याकडे होतं.

तर त्या दिवशी ती पाच खिडक्यांचं माप घ्यायला गेली. अर्ध्या तासाचं काम. दीड तासाने आली ती तीन खिडक्यांचं माप घेऊन, आणि तिसऱ्या खिडकीची नुसती उंची, रुंदी नाहीच.

"वर्ग चालू होता गं ताई," ती म्हणाली. गाल लाल झाले होते तिचे. "बाई म्हणाल्या, तुमचं चालू द्या. पण माझं चालेना! एका वाक्यावर चाळीस मिनिटं बोलल्या त्या. एका वाक्यावर!"

"फार लांबलचक होतं का?"

"सात शब्दांचं!"

सात शब्दांना चाळीस मिनिटं! ह्या हिशोबाने आपण काम केलं तर गिऱ्हाईक बिनबाह्यांचं घरी जाईल, असं मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या खिडक्यांसाठी गेली. तिसऱ्या दिवशी 'एकदा पडताळून बघते' म्हणून गेली. तेव्हा इंग्रजीच्या बाईंनी खडू खाली ठेवून विचारलं, "काय हो, आमच्या खिडक्या रोज वाढतायत का?"

अख्खा वर्ग हसला. त्याच वर्गात माझी लेक बसलेली. ती बाकाखाली जायची तेवढी राहिली होती. पण तास संपल्यावर बाईंनी धाकटीला थांबवून घेतलं आणि त्या सात शब्दांत तिला काय दिसलं ते विचारलं. हिने काय सांगितलं देव जाणे. घरी आली ती एक कागद नाचवतच. शाळेचा नियम असा की बाईंची तयारी असेल तर मोठ्या माणसालाही एका विषयापुरतं वर्गात बसता येतं. सहा आठवडे आजमावायचे, मंगळवार आणि शुक्रवार. शेवटी एका कादंबरीवर मोठा निबंध. निबंध वर्गाच्या तोलाचा झाला तर जागा पक्की आणि परीक्षेलाही बसता येणार. नाही झाला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला, आणि आपण आपल्या घरी.

"आणि काजं कोण करणार, मी?" मी विचारलं.

"जाऊ द्या हो तिला," मास्टर कात्री न थांबवता म्हणाले. "काजं कुठे पळून जात नाहीत."

गेली. बावीस पोरं आणि ही. माझी लेक पहिल्या दिवशी तणतणत आली. "आई, मावशी पहिल्या बाकावर बसते! आणि हात वर करते! सारखा! बाई म्हणाल्या, आता हात खाली ठेवून बोला, दुखेल."

साहित्याचं मला काही कळत नव्हतं, पण व्याकरण मात्र ती थेट दुकानात घेऊन आली. मोठमोठी वाक्यं ब्राउन पेपरवर लिहायची, कापायची आणि भिंतीवर टाचायची. मधोमध मुख्य वाक्य, बाजूला गौण वाक्यं, त्यांना जोडणारे शब्द वेगळ्या खडूने. मास्टरांना एवढ्या वयात त्याचा नाद लागला. ते चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "हे गौण वाक्य म्हणजे अस्तर. काढलं तरी कोट उभा राहील, पण अंगावर बसणार नाही." एक गिऱ्हाईक पॅंट आखूड करायला आलं होतं. बिचारं पाऊण तास भिंतीसमोर उभं, कर्ता शोधत. शेवटी सापडला त्याला, तेव्हा धाकटीने टाळ्या वाजवल्या. पॅंट विसरून गेला तो माणूस.

मी ओरडायची. ओरडायलाच हवं कोणीतरी. पण खरं सांगते, इतक्या वर्षांत दुकानात असा गलका कधी झाला नव्हता, आणि तो मला आवडायला लागला होता. मी तसं कबूल केलं नाही, एवढंच.

मग कादंबरीची वेळ आली. बाईंची पद्धत अशी की कपाटातून प्रत्येकाला वेगळं पुस्तक द्यायचं, म्हणजे एकमेकांचं बघून लिहिणं नको. धाकटीच्या वाट्याला आलं एक जुनंपुराणं जाडजूड पुस्तक. कधीच्या काळी कोणा बाइंडरने कडा कापताना पानांचे आकडेसुद्धा कापून टाकलेले. दुकानात आणून उघडलं आणि पाठ तुटून सगळी पानं सुटी झाली. दुसरी कोणी असती तर रडत शाळेत गेली असती. ही म्हणाली, "त्यात काय, शिवून टाकू." प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू व्हायचं, वर नुसतं एक फूल छापलेलं, नाव नाही, आकडा नाही. तिने एकेक प्रकरण वेगळं केलं आणि मशीनवर लांब टाका घालून त्याची वही शिवली. अशा चौदा वह्या झाल्या. शिवताना मजकुराकडे बघितलंसुद्धा नाही. "आत्ताच वाचलं तर मजा जाईल गं." चौदा वह्या एकावर एक, ओळीने, कापायच्या टेबलावर ठेवल्या आणि वर्गाला पळाली.

नेमके त्याच दिवशी बॅंडवाल्यांचे चाळीस कोट कापायचे होते. कोट कापायला टेबल लागतं, आणि टेबलावर हिची कादंबरी! माझं डोकं फिरलं. "हे दुकान आहे का वाचनालय?" असं मोठ्याने म्हणून मी दोन्ही हातांनी तो गठ्ठा बाजूला सारला. सगळ्या वह्या खाली, इकडे सहा, तिकडे आठ. मग मलाच वाईट वाटलं. शाळेचं पुस्तक ते. मी खाली बसून एकेक उचललं, झटकलं, नीट रचलं, फडक्यात बांधलं आणि तिच्या मशीनपाशी ठेवलं.

ती आल्यावर बघून म्हणाली, "ताई! किती छान बांधून ठेवलंस!" आणि माझा गालगुच्चा घेतला. मला वाटलं, आहे बाई माझ्यात काहीतरी चांगलं.

दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू. मशीनसमोरच्या फळीवर वही टाचायची, हात काजावर, डोळे पुस्तकावर. पहिली वही अगदीच पातळ होती. दहा मिनिटांत किंचाळली.

"मेली गं! पहिल्याच प्रकरणात मेली!"

"कोण?" मी आणि मास्टर एकदम.

"खानावळवाली! बंदरावरची! तिला पुरतायत!"

"मग बाकीचं पुस्तक कशाला लिहिलंय?"

"तेच तर!" ती म्हणाली, आणि आनंदाने तिचे डोळे असे चमकले की मला पुढे बोलवेना.

पुढचे दोन आठवडे आमच्या दुकानात त्या खानावळवालीशिवाय विषय नव्हता. ती मेलेली, मग पुढच्या वहीत खानावळीत भांडी घासतेय. नवरा जहाजावरून परत आला, आणि तीन वह्यांनंतर जहाजावर चढला. मास्टर म्हणाले, काहीतरी चुकतंय. धाकटी म्हणाली, छे, बाईंनी शिकवलंय, गोष्ट सरळच सांगायला पाहिजे असं नाही, मोठे लेखक काळ मागेपुढे करतात. तिने ब्राउन पेपरवर तक्ता केला, कुठली घटना आधी घडली आणि कुठली आधी सांगितली, दोन रंगांच्या खडूंनी. शेवटची वही सगळ्यात जाड होती. त्यात खानावळवालीचं लग्न. नाच, गाणी, नवऱ्याने तिला उचलून दारातून आत नेलेलं, आणि पुस्तक संपलं.

ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "मरण आधी, लग्न शेवटी," ती म्हणाली. "काय छाती म्हणायची ह्या लेखकाची! ती हसतेय, आणि आपल्याला सगळं माहितीये." मग ढसाढसा रडली. एका जाकिटाचं काज त्या दिवशी वाकडं झालं, आणि गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आलं नाही.

निबंध नऊ पानांचा झाला. तीनदा लिहिला. माझ्या लेकीने स्पेलिंगं तपासली आणि म्हणाली, "आई, गोष्टीकडे मी बघितलंच नाही, नुसते शब्द बघितले, पण मावशीचं इंग्रजी भारी आहे. माझ्यापेक्षा भारी." एवढं बोलायला तिला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे, पोरगी माझ्यावर गेलीये.

शुक्रवारी पालकसभा. लेकीसाठी मी दरवर्षी जाते. ह्या खेपेला बाईंनी धाकटीलाही बोलावलं होतं. लेकीचं दोन मिनिटांत आटोपलं. मग बाईंनी धाकटीचा निबंध टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कोरडा झाला.

"तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. तुम्ही पुस्तक वाचलेलंच नाही."

धाकटीचा चेहरा पांढराफटक. "बाई, मी तीनदा वाचलंय."

"पुस्तक लग्नाने सुरू होतं. तुम्ही लिहिलंय, दफनाने सुरू होतं आणि लग्नाने संपतं. नऊ पानं त्याच्यावर! मी ते पुस्तक चार वर्षं शिकवलंय. कोणाकडून ऐकून लिहिलंत का? तसं असेल तर जागा मला देता येणार नाही, मला वाईट वाटतं, पण नाही येणार."

माझा पारा चढला. माझ्या बहिणीला खोटारडी म्हणते ही! मी म्हटलं, "बाई, पुस्तक पिशवीत आहे तिच्या, बघा उघडून! दोन आठवडे आमच्या दुकानात दुसरं काही झालेलं नाही!"

धाकटीने फडकं सोडलं. बाईंनी पहिली वही उघडली, मग दुसरी, मग सगळ्यात खालची. कपाळाला आठ्या. "हा काय क्रम आहे? हे असं कोणी लावलं?"

"मी," मी म्हटलं. "नीट लावलंय."

"कशाच्या हिशोबाने?"

"हिशोब कसला त्यात? गठ्ठा लावतात तसाच. जाड खाली, पातळ वर. नाहीतर कोसळतो."

बाई वहीवरून मान वर करून माझ्याकडे बघायला लागल्या. मग मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. तीस वर्षं कापडाचे तागे रचून रचून माझ्या हातांना हेच येतं. पातळ मलमल वर, जाड लोकर खाली. मी एका लेखकाची चौदा प्रकरणं लोकर-मलमलीसारखी रचली होती, आणि माझ्या बहिणीने त्यात अर्थ शोधला होता, नऊ पानं, तीनदा लिहून.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता चिडतील. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या! टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बाहेर रांगेतले पालक डोकावून बघायला लागले. धाकटी आधी रडत होती, मग तीही हसायला लागली. मी एकटीच बसले होते, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं म्हणत.

"लग्नाबद्दल तुम्ही जे लिहिलंय ना," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "त्या प्रकरणावर इतकं चांगलं मी कुणाचंच वाचलेलं नाही. पण ते ह्या पुस्तकाबद्दल नाही. मला हे वर पाठवता येणार नाही." त्यांनी वह्या भराभर ओळीने लावल्या आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा घातला. "सोमवारी सकाळी आठला दुसरा निबंध. यादी नऊला जाते. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

दोन दिवस! आणि चूक माझी. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि मी गप्प बसले की आमच्याकडे लोक घाबरतात. शनिवारी सकाळी दुकानाला 'आज बंद' अशी पाटी लावली. वडील गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा. शटर अर्धं खाली ओढलं, धाकटीला मास्टरांच्या खुर्चीत बसवलं आणि तिच्या मशीनवर मी बसले. "तू वाच. काजं मी करते. आणि मोठ्याने वाच, आपल्या भाषेत सांगत. निदान कळू दे मी काय वाटोळं केलंय ते." पाटी बघूनही मास्टर आत आलेच. लेक तर आधीपासून कापडाच्या ढिगावर बसली होती.

आता लग्न पहिलं आलं. नाच, गाणी, नवऱ्याने उचलून दारातून आत नेलं, नवरी म्हणते, 'सोडू नका हं, अजून सोडू नका.' आणि माझ्या डोळ्यांसमोर सुईच दिसेना.

"ताई, रडतेस काय? लग्न आहे!"

"मला माहितीये ना गं तिचं काय होणार! निघून जाईल मेला तो जहाजावर, आणि ही एकटी भांडी घासेल!"

धाकटी उठून उभी राहिली. "हेच! हेच तर मी नऊ पानं लिहिलंय!"

तेवढ्यात ढिगावरून माझी लेक म्हणाली, "पण मावशी, मी तर गोष्ट आत्ताच ऐकतेय. मला नाही रडू आलं. मला मजा आली."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. मग येरझाऱ्या सुरू झाल्या, मशीनपासून शटरपर्यंत, शटरपासून मशीनपर्यंत. "तुला मजा आली. तिलाही मजाच येतेय. म्हणजे लेखकाला तेच हवंय. तुला तिच्या शेजारी बसवायचंय त्याला, तुलाही काही माहीत नसताना. ती फसणार, आणि तिच्याबरोबर तूही फसणार. आणि ताईच्या क्रमाने वाचलं तर आपण शेजारी नसतो, आपण वरून बघतो. दोन्हीकडे दुःख आहे, पण जागा वेगळी. आपण बसतो कुठे, ती जागा वेगळी!" ती ओरडलीच. मास्टरांनी टेबलावर थाप मारली. मला अर्धंच कळलं, पण अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

रविवारभर ती लिहीत होती. माझं शहाणपण सोडून तिने लेखकाचा क्रम घेतला, आणि माझ्या क्रमालाही एक परिच्छेद दिला, 'एका शिंपिणीने केलेली मांडणी' म्हणून. सोमवारी सकाळी पावणेआठला शाळेच्या फाटकात होती.

दुपारी बाराला ती परत आली, आणि बरोबर खुद्द बाई. मी मशीन थांबवलं. धाकटीच्या तोंडावरून काही कळेना, ओठ नुसते घट्ट मिटलेले.

"निबंध वर्गाच्या तोलाचा नाही," बाई म्हणाल्या. "वर्गाच्या वरचढ आहे. जागा त्यांची." मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "पण आता दोन दिवसांवर भागणार नाही. आठवड्याचे पाचही दिवस, सकाळी दहा ते बारा, दोन वर्षं. जिथे काम करतात तिथल्या मालकाची लेखी परवानगी लागते. नियम आहे. आजच्या आज." आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

दहा ते बारा म्हणजे दुकानाची ऐन वेळ. धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. ती एका सदऱ्याची कॉलर सरळ करत होती, आणि ती आधीच सरळ होती. एकेचाळीस वर्षांची बाई, आणि थोरली बहीण नाही म्हणेल म्हणून श्वास रोखून उभी. तेव्हा मला आठवलं, असाच एक कागद तिच्या शाळेने मला दिला होता. शाळा सोडण्याच्या अर्जावर पालक म्हणून मीच सही केली होती. तेव्हाही ती अशीच उभी होती, आणि मी तिला काही विचारलं नव्हतं.

"तेव्हा मी चुकले गं," मी म्हटलं. बाईंसमोर, मास्टरांसमोर. कधी कुणापुढे 'चुकले' म्हणाले नव्हते. "तुला विचारायला हवं होतं. तुला जायचंय ना?"

वर्गात सारखा वर असायचा म्हणे, तो हात तिने नुसता तोंडावर धरला आणि मान हलवली, एकदा नाही, दहा वेळा.

मी सही केली. इतकी दाबून केली की कागद फाटता फाटता वाचला. मग मी बाईंना चहा पाजला, धाकटीला रडते म्हणून रागावले आणि स्वतः आत जाऊन रडून घेतलं.

आता रोज दहाला ती निघते, आणि दहा ते बारा काजं मी करते. वाकडी येतात. गिऱ्हाइकं तक्रार करतात. मी सांगते, बाराला या, आमच्या धाकटीची शाळा सुटल्यावर.